तंबाखू उद्योगाच्या भेटीगाठी दप्तरी नोंदवा : मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : तंबाखू उद्योग व त्याच्या वतीने येणाऱ्यांशी शासनाच्या सर्व विभागांनी कसा व्यवहार ठेवावा, याबाबत सामान्य प्रशासन विभागाने शासन निर्णय काढणे.

महोदय,

मंत्रालयात येणाऱ्या अभ्यागताचे नाव, ओळखपत्र आणि तो कोणत्या विभागात चालला आहे, एवढे दारावर नोंदले जाते. तो कोणाच्या वतीने आला आहे आणि आत जाऊन काय मागणार आहे, हे दारावर कळत नाही. ते विभागाच्या दप्तरात उतरले तरच कळते, आणि बहुतेकदा उतरत नाही. साखर, सिमेंट, बांधकाम अशा कोणत्याही उद्योगाबाबत हे चूकच आहे. पण तंबाखूच्या बाबतीत ती नुसती चूक राहत नाही, कारण या एका उद्योगाशी कसे वागायचे याचे आंतरराष्ट्रीय वचन भारताने लेखी दिलेले आहे.

तंबाखूचे दुष्परिणाम सांगण्यासाठी हे पत्र नाही. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर ते कोणालाही दिसतात. आमचे म्हणणे कारभाराच्या पद्धतीपुरते आहे: उद्योगाशी झालेली प्रत्येक भेट नोंदवा, नोंद ठरलेल्या मुदतीत लोकांपुढे ठेवा, आणि हा नियम आरोग्य विभागाच्या परिपत्रकाने न करता सर्व विभागांना बांधील अशा शासन निर्णयाने करा.

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण आराखडा करार २१ मे २००३ रोजी स्वीकारला गेला. भारताने त्याला ५ फेब्रुवारी २००४ रोजी मान्यता दिली आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आला. आज १८० हून अधिक देश त्यात आहेत. त्याचे कलम ५.३ जेमतेम एका वाक्याचे आहे. तंबाखू नियंत्रणाची आरोग्य धोरणे ठरवताना आणि राबवताना ती या उद्योगाच्या व्यापारी व इतर हितसंबंधांपासून, देशाच्या कायद्याला धरून, जपायची. हे करायचे कसे, याची मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर २००८ मध्ये दर्बानच्या परिषदेत सदस्य देशांनी एकमताने मान्य केली. त्यांचा सारांश असा, की उद्योगाला नियमाखाली ठेवण्यासाठी जेवढे अटळ आहे तेवढ्यापुरतेच त्याला भेटा. जे भेटाल ते शक्यतो चारचौघांत भेटा, आणि त्याचे कागद उघड करा. भागीदारी, देणग्या आणि सवलती यांना नकार द्या. सरकारच्या मालकीचा तंबाखू धंदा असेल तर त्यालाही हाच न्याय लावा.

एखाद्या धंद्याकडे आधीच संशयाने पाहणे बरे नव्हे, असे कोणी म्हणेल. हा संशय कागदपत्रांतून आलेला आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या खटल्यांच्या तडजोडीनंतर सिगारेट कंपन्यांची लाखो अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. ती वाचून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने जुलै २००० मध्ये अहवाल दिला. संघटनेचे तंबाखूविरोधी काम पोखरण्यासाठी कंपन्यांनी संघटनेतल्याच सल्लागारांशी संबंध जोडले होते, दुसऱ्यांच्या नावाने संस्था चालवल्या होत्या आणि आपला पैसा लपवून संशोधन करवून घेतले होते, असे त्यात नोंदले आहे. दर्बानची तत्त्वे या अनुभवातून आली.

आता केंद्राकडे पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० साली कलम ५.३ ला धरून आपल्या अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता केली. हे चांगलेच झाले, पण ती त्या मंत्रालयाला आणि त्याच्या अखत्यारीतल्या कार्यालयांना लागू आहे. दुसरीकडे, १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेले गुंटूरचे तंबाखू मंडळ वाणिज्य मंत्रालयाखाली काम करते आणि तंबाखूचा व्यापार वाढवणे हे त्याचे कामच आहे. २०१० साली बंगळूरला भरणार असलेल्या तंबाखू उद्योगाच्या जागतिक मेळाव्याला हेच मंडळ प्रायोजक होते. कर्नाटक उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, तेव्हा मंडळाला अंग काढून घ्यावे लागले. म्हणजे एका मंत्रालयाने करार पाळायचा आणि दुसऱ्याने त्याच उद्योगाच्या मांडवाला खांब द्यायचा. राज्यात हेच होऊ नये म्हणून आम्ही आरोग्य विभागाकडे न जाता आपल्याकडे आलो आहोत.

उद्योगाला आरोग्य विभागात फारसे काम नसते. त्याची खरी कामे दुसरीकडे असतात. कराबाबत तो वित्त विभागाकडे जातो, कारण वस्तू व सेवा कर परिषदेत राज्याचा मंत्री बसतो. गुटखाबंदीबाबत अन्न व औषध प्रशासनाकडे, टपऱ्यांचे परवाने आणि होर्डिंगबाबत नगरविकास विभाग आणि महापालिकेकडे, धाडींबाबत गृह विभागाकडे. बिडी कामगारांचा विषय कामगार विभागाचा, तेंदूपानाचे लिलाव वन विभागाचे, आणि शाळांना बाके-संगणक देण्याची पत्रे शालेय शिक्षण विभागाच्या टेबलावर. आरोग्य विभागाच्या समित्या आणि परिपत्रके आपल्या जागी ठीक आहेत, पण ती या टेबलांपर्यंत पोचत नाहीत. एका विभागाचे परिपत्रक दुसऱ्या विभागाचा कक्ष अधिकारी किती मानतो, हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

युरोपीय आयोगात नेमके हेच घडले. तिथल्या आरोग्य महासंचालनालयाने तंबाखू उद्योगाच्या भेटी जाहीर करायला सुरुवात केली, पण आयोगाचे बाकीचे बरेच विभाग तसे करत नव्हते. युरोपीय लोकपालांनी २०१६ साली यावर ताशेरे ओढले, आणि सगळ्या विभागांत सारखी पारदर्शकता आली नाही म्हणून २०२३ साली पुन्हा ओढले. फिलिपिन्सने मात्र सुरुवातीलाच योग्य दार ठोठावले. तिथे २०१० साली आरोग्य विभागाने एकट्याने आदेश काढला नाही. सर्व सरकारी नोकरांवर ज्याची सत्ता चालते त्या नागरी सेवा आयोगाबरोबर त्याने संयुक्त परिपत्रक काढले. त्यामुळे जकात अधिकारी असो की शाळेचा मुख्याध्यापक, अनावश्यक भेट, भेटवस्तू किंवा देणगी ही सेवानियमांचा भंग ठरू लागली. आपल्याकडे ते दार सामान्य प्रशासन विभागाचे आहे, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हे हत्यार हाताशी आहेच. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६२ खालच्या कार्यकारी अधिकारात शासन निर्णय काढता येतो, आणि सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य अनुच्छेद ४७ ने राज्यावर टाकलेलेच आहे.

नोंदीला आम्ही एवढे महत्त्व का देतो? तंबाखूचे नियम सहसा धडाक्यात रद्द होत नाहीत. ते भिजत घोंगडे होऊन पडतात. दुकानातल्या तंबाखूच्या जाहिरात फलकांचे नियम केंद्राने २००५ साली केले: फलक ६० गुणिले ४५ सेंटिमीटरचा, त्यावर इशारा, आणि ब्रँडचे नाव किंवा पाकिटाचे चित्र नाही. मार्च २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. न्यायालये स्थगिती देतात, त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की ती जुलै २०१३ पर्यंत टिकली आणि ती उठवून घ्यायला सर्वोच्च न्यायालयात एका स्वयंसेवी संस्थेला जावे लागले. एवढा काळ सरकारने जोर का लावला नाही? तसे कोणी ठरवले होते का? ठरवण्यापूर्वी कोण कोणाला भेटले होते? या प्रश्नांची उत्तरे देणारा कागद लोकांना कधी दिसला नाही. कदाचित कोणी काही ठरवलेच नसेल. पण तसेही दप्तरावरून कळायला हवे.

पाकिटावरच्या ८५ टक्के चित्रमय इशाऱ्याचेही तसेच झाले. तो १ एप्रिल २०१५ पासून यायचा होता. सरकारने केलेले नियम तपासणाऱ्या संसदेच्या दुय्यम विधान समितीने थांबा म्हटले आणि अंमलबजावणी टांगली गेली. समितीतले एक खासदार स्वतः बिडी उद्योगातले होते, हे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले. इशारा प्रत्यक्षात आला तो १ एप्रिल २०१६ ला. एक वर्षात किती पाकिटे जुन्या वेष्टनात खपली असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. हितसंबंध आधीच उघडपणे जाहीर झाले असते तर त्या सदस्याला निदान त्या विषयापुरते बाजूला बसता आले असते.

आपल्या राज्यात अशी जागा दरवर्षी येते आणि तिची तारीख उद्योगाला पाठ आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली जुलै २०१२ मध्ये. ती अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ३०(२)(अ) खाली अन्न सुरक्षा आयुक्तांच्या आदेशाने चालते, आणि त्या कलमाखालचा आदेश जास्तीत जास्त एक वर्ष टिकतो. म्हणून दरवर्षी मुदत संपण्याआधी नवा आदेश काढावा लागतो. त्यात कोणते पदार्थ धरायचे, सुगंधित तंबाखूची व्याख्या कशी लिहायची, सुपारीचा कोणता प्रकार आत आणि कोणता बाहेर, हे सगळे दरवर्षी नव्याने लिहिता येते. एखादा शब्द गळला की त्या फटीतून मालाचे ट्रक जातात. या आदेशाआधीच्या तीन महिन्यांत आयुक्तालयात, विभागाच्या सचिवांकडे आणि मंत्री कार्यालयात या धंद्यातले कोण आले, हे आदेशाबरोबरच जोडपत्र म्हणून छापले जावे. आमच्या सगळ्या मागण्यांतली एकच मान्य करायची असेल तर ही करा.

शासन निर्णयात काय असावे, ते आता तपशिलाने लिहितो, कारण अशा निर्णयांचा घात तपशिलात होतो.

पहिली गोष्ट व्याख्या. करारात तंबाखू उद्योग म्हणजे उत्पादक, घाऊक वितरक आणि आयातदार. महाराष्ट्राला एवढ्यावर भागवता येणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर खाण्याची किंवा लावण्याची, म्हणजे धूररहित, तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा उद्योग हा चार मोठ्या सिगारेट कंपन्यांपुरता नाही. तो जर्दा, मावा, मिश्री, खर्रा, तपकीर यांचा आहे, शेकडो छोट्या नावांचा आहे. शिवाय एकाच नावाचा पानमसाला आणि तंबाखूची जोडपुडी वेगवेगळी विकणारे आहेत, आणि त्याच नावाने वेलचीची जाहिरात करणारेही आहेत. व्याख्येत हे सगळे यावेत. त्याच उद्योगसमूहाच्या बिस्किटे, पीठ, अगरबत्ती अशा कंपन्या देणगी घेऊन येतात तेव्हा त्याही याव्यात. आणि उद्योगाच्या वतीने बोलणारे यावेत: व्यापारी संघटना, जनसंपर्क संस्था, सल्लागार, वकिली पेढ्या, आणि ज्यांना या उद्योगाचा पैसा मिळतो अशा अभ्याससंस्था. २०१७ साली एका बड्या सिगारेट कंपनीच्या पैशावर ‘धूरमुक्त जगा’चे नाव घेऊन एक प्रतिष्ठान उभे राहिले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्याशी भागीदारी करणार नाही असे लगेच जाहीर केले. नावावरून काही ओळखू येत नाही, म्हणून पैसा विचारायचा.

त्यासाठी भेट मागणाऱ्याकडून एक पानी अर्ज घ्यावा. नाव, संस्था, कोणाच्या वतीने, भेटीचा विषय, कोणत्या नियमाशी वा नस्तीशी (फाइलशी) संबंध, आणि मागच्या पाच वर्षांत तंबाखू उद्योगाकडून पैसा, प्रवास किंवा फी मिळाली का, याचे सहीनिशी उत्तर. अर्ज नाही तर भेट नाही. भेट आवश्यक आहे की नाही हे ज्याला भेटायचे आहे त्याने ठरवू नये. विभागात सहसचिव दर्जाचा एक समन्वय अधिकारी नेमावा आणि त्याने कारण लिहून हो किंवा नाही म्हणावे. बहुतेक वेळा ‘आपले म्हणणे लेखी पाठवा’ एवढे उत्तर पुरेल, आणि ते लेखी म्हणणे संकेतस्थळावर टाकता येईल.

भेट झालीच तर शासकीय कार्यालयात, कामाच्या वेळेत, किमान दोन अधिकाऱ्यांसमोर. नरिमन पॉइंटच्या हॉटेलात नाही, क्लबात नाही, परिषदेच्या चहापानात नाही. फोटो नाही. फोटोचे वेगळे सांगावे लागते, कारण मागणी फेटाळली गेली तरी सचिवांबरोबरचा हसरा फोटो कंपनीच्या वार्षिक अहवालात किंवा संघटनेच्या व्हॉट्सॲप गटावर जातो आणि खालच्या निरीक्षकाला जो अर्थ घ्यायचा तो तो घेतो.

यानंतर इतिवृत्त. ‘शिष्टमंडळाने मा. महोदयांची सदिच्छा भेट घेतली. विविध विषयांवर सकारात्मक चर्चा झाली.’ अशी दोन वाक्ये लिहून नोंद झाली असे म्हणता येते, आणि पारदर्शकतेचे बहुतेक नियम इथेच मरतात. नोंद कशी असावी याचा नमुना शासन निर्णयालाच जोडावा. उदाहरणार्थ, काल्पनिक भेटीची नोंद अशी:

‘मागणी : शाळेपासून १०० यार्डांचे अंतर कुंपणाऐवजी मुख्य दारापासून मोजावे. दिलेले कागद : ४ पानी निवेदन, एक खासगी सर्वेक्षण. सर्वेक्षणाचा खर्च कोणी केला असे विचारले. संघटनेने केला असे सांगण्यात आले. उत्तर : नियमानुसार अंतर कुंपणाच्या किंवा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंना मोजायचे आहे, त्यात राज्याला बदल करता येत नाही. आश्वासन : दिले नाही. पुढील कार्यवाही : नाही.’

सात-आठ ओळी झाल्या. पण वाचणाऱ्याला कोणी काय मागितले, कोणाच्या पैशाच्या आकड्यांवर मागितले आणि सरकार काय म्हणाले, हे तीनही कळते. पुढेमागे कोणी कुंपणाऐवजी दार धरून टपरीला परवाना दिला, तर ती कल्पना कुठून आली याचा माग लागतो.

इतिवृत्त सात कामाच्या दिवसांत पूर्ण व्हावे. ही मुदत आम्ही हवेतून आणलेली नाही. दप्तर दिरंगाईविरुद्धचा राज्याचा २००५ चा कायदा सर्वसाधारण नस्तीला कोणत्याही टेबलावर एवढेच दिवस देतो. पुढच्या सात दिवसांत ते विभागाच्या संकेतस्थळावर जावे: मराठीत, युनिकोडमध्ये, शोधता येईल असे. तिरक्या स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ चढवली की काम झाले, ही सवय मोडायला हवी. त्यात शोध चालत नाही, आणि आठ विभागांच्या नोंदी एकत्र ठेवून एकच संघटना सगळीकडे फिरली का हे पाहता येत नाही. ई-ऑफिसमधला नस्ती क्रमांक प्रत्येक नोंदीला जोडला तर पुढचे काम यंत्रच करेल.

फोन आणि व्हॉट्सॲप यांनाही हाच नियम लावा. कामासंबंधी संदेश आला तर त्याच दिवशी त्याची नोंद टिपणीत घ्यावी. मंत्री कार्यालये वगळली तर मात्र सगळे मुसळ केरात. चहापेक्षा किटली गरम असते हे मंत्रालयात वावरणाऱ्याला माहीत आहे. स्वीय सहायक आणि विशेष कार्य अधिकारी यांच्या टेबलावरून आलेल्या ‘तपासून सादर करावे’ या शेऱ्याची सुरुवात कोणाच्या निवेदनाने झाली, ते निवेदन नस्तीत लागलेच पाहिजे.

देणग्यांबद्दल थोडक्यात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. ती खर्च करू नका असे आम्ही म्हणत नाही. ती शासनाबरोबर, शासनाच्या बोधचिन्हाखाली होऊ नये. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचे कलम ५(३) प्रायोजकत्व, भेट, बक्षीस किंवा शिष्यवृत्तीच्या बदल्यात तंबाखूच्या ब्रँडचा प्रचार करायला मनाई करते, आणि सामाजिक खर्च करताना हा कायदा मोडू नका असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१६ च्या परिपत्रकात सांगितले आहे. शाळेच्या कुंपणापासून १०० यार्डांवर पिवळी रेघ मारायची आणि आतल्या पाण्याच्या टाकीवर तंबाखू विकणाऱ्या समूहाचे नाव रंगवायचे, हे दोन्ही एका आवारात नांदू शकत नाही. सामंजस्य करार करण्यापूर्वी समोरच्या समूहाचा तंबाखूशी संबंध आहे का, हा एक रकाना नमुन्यात टाकला तरी बरेच प्रस्ताव तिथेच थांबतील.

आता सीमेपलीकडचा विषय, जो राज्याचा नाही असे समजून सोडला जातो. तंबाखूच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉल (पूरक करार) २०१२ साली सोलमध्ये मान्य झाला, भारत त्यात जून २०१८ मध्ये सामील झाला आणि २५ सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्याच्या कलम ८ नुसार प्रत्येक पाकिटाला कायमची एकमेव खूण हवी. कुठल्या कारखान्यात, कधी, कोणत्या यंत्रावर बनले आणि कोणत्या बाजारासाठी, हे तिच्यावरून कळायला हवे. सिगारेटसाठी मुदत पाच वर्षांची, इतर तंबाखूसाठी दहा. या कलमातली मोलाची अट अशी, की माग ठेवण्याचे काम सरकारने उद्योगाकडे सोपवायचे नाही. कारण उघड आहे. एका सिगारेट कंपनीने स्वतःची माग काढणारी प्रणाली बनवली, दुसऱ्या बड्या कंपन्यांना वापरायला दिली आणि सरकारांनी तीच घ्यावी म्हणून जगभर प्रयत्न झाले. ज्याचा माल शोधायचा, त्याच्याच हातात वही.

न्हावा शेवा बंदर मुंबईच्या दारात आहे आणि तिथे तस्करीच्या सिगारेटचे कंटेनर वेळोवेळी पकडले जातात. जप्तीची माहिती सीमाशुल्क व महसूल गुप्तचरांकडे, दुकानांतल्या धाडींची अन्न व औषध प्रशासन आणि पोलिसांकडे, बिलांची राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे. तिन्ही एकत्र येत नाहीत, आणि ती पोकळी उद्योग स्वतःच्या पैशाने केलेल्या ‘तस्करी वाढली’ अशा अहवालांनी भरतो. मग अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘कर वाढवू नका, तस्करी वाढेल’ असे निवेदन येते. त्या आकड्यांना उत्तर द्यायला शासनाकडे स्वतःचे आकडे हवेत. जप्त मालाचा प्रकार, नगसंख्या, पाकिटावर छापलेला देश, इशारा आहे की नाही आणि पकडल्याचे ठिकाण, हे पाच रकाने दर तिमाहीला जाहीर करावेत. गुटख्यासाठी शेजारच्या राज्यांशी हीच माहिती वाटून घ्यावी, कारण बंदी असलेला माल बहुतांशी राज्याबाहेरून रस्त्याने येतो.

हे सगळे माहिती अधिकारात मागता येते की, असे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. मागता येते. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा. मग ३० दिवस थांबा. कंपनीचे नाव आले की जनमाहिती अधिकारी कलम ११ खाली त्रयस्थ पक्षाला नोटीस काढतो आणि मुदत ४० दिवसांवर जाते. त्यानंतर कलम ८(१)(घ) मधली व्यापारी गुपिते आडवी येतात, पहिले अपील, मग दुसरे अपील. तोवर आदेश निघून, मुदत संपून, पुढचा आदेशही निघालेला असतो. शिवाय आठ विभागांना आठ अर्ज करावे लागतात, आणि भेट झाली हेच माहीत नसेल तर अर्जात लिहायचे काय? त्याच कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये, धोरण ठरवताना लोकांशी सल्लामसलत करण्याची जी व्यवस्था आहे तिचा तपशील आपणहून प्रसिद्ध करा, असे सांगितलेले आहे. आमची मागणी त्या कलमाच्या पलीकडे फारशी जात नाही.

दोन आक्षेप येतील. पहिला, बिडी कामगार आणि शेतकरी यांचे ऐकायचे नाही का? जरूर ऐकायचे. सोलापूरच्या बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी, भविष्य निर्वाह निधी, तिला दुसरे काम मिळवून देणे, यावर तिच्या युनियनशी कितीही बैठका घ्या. कराराचे कलम १७ पर्यायी रोजगाराचे आहे आणि त्याकडे आपल्याकडे लाजिरवाणे दुर्लक्ष झाले आहे. फक्त निवेदन कामगारांच्या नावाने आणि आतली मागणी कारखानदाराची, असे असेल तर ते अर्जातल्या पैशाच्या रकान्यातून उघडे पडू द्या. दुसरा आक्षेप नैसर्गिक न्यायाचा: ज्याच्यावर नियम लादायचा त्याला बोलू द्यायला हवे. बोलू द्या, मसुद्यावर हरकती मागवा, जाहीर सुनावणी घ्या. न्यायाला बंद दार लागत नाही.

सरकारच्या स्वतःच्या घरातली एक अडचणही मान्य करायला हवी. आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्थांकडे देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे मोठे भाग आहेत. ते काढून घ्यावेत म्हणून २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. तो प्रश्न केंद्राचा आहे, पण राज्याच्या निधींपैकी, महामंडळांपैकी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी कोणाकडे असे भाग आहेत हे विचारण्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. निदान कर, परवाने आणि गुटखाबंदी यांच्या नस्त्या हाताळणाऱ्यांनी वार्षिक मत्ता विवरणात ते वेगळे दाखवावेत.

आम्ही नमुना अर्ज, इतिवृत्ताचा नमुना आणि शासन निर्णयाचा मराठी मसुदा तयार केला आहे. सामान्य प्रशासन विभागाने वेळ दिल्यास आणून देऊ, आणि आमच्या त्या भेटीची नोंदही याच पद्धतीने जाहीर करावी. निर्णयासाठी ३१ मेची, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनाची, वाट पाहू नये. त्या दिवशी शपथा होतात. गुटखाबंदीचा पुढचा आदेश ज्या दिवशी निघेल त्याच्या तीन महिने आधी हा नियम लागू झालेला असावा, म्हणजे पहिले जोडपत्र त्याच आदेशाबरोबर छापता येईल.

आपले,
तंबाखू नियंत्रण, सार्वजनिक आरोग्य कायदा आणि माहितीचा अधिकार या क्षेत्रांत काम करणारे मुंबईतील काही नागरिक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
अपर मुख्य सचिव, सामान्य प्रशासन विभाग
अपर मुख्य सचिव, वित्त विभाग
आयुक्त, अन्न व औषध प्रशासन
आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका